गोड न खाता साखर कशी वाढते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चोपड्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोन-चारदा येतोच. "डॉक्टर, गोड ते मी खादंच नही, मंग साखर कसी काय वाढनी?" लग्नसराईत या वाक्यावर माझा फारसा विश्वास नसतो. पण कधी कधी माणूस खरंच बोलत असतो, आणि साखर ताणाने वाढलेली असते.

मे महिन्यातल्या वादळानंतर तिसऱ्या दिवशी मधुमेहाची गोळी चालू असलेले एक नाना आले. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. उपाशीपोटी साखर २३४. आधी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी मशीन फसतं. दुसऱ्या थेंबाला २२९. एरवी १३०च्या आसपास असणारा माणूस. ताप नाही, जखम नाही, गोळी चुकलेली नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी केली, ती ७ टक्के, आटोक्यातली. म्हणजे बिघाड या तीन दिवसांतला. त्यांची घड लागलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली होती.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. संकट दिसलं की तिच्या गाभ्यातून काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, हात गार पडतात, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मागून मेंदूच्या हुकमाने त्याच ग्रंथीच्या सालीतून कॉर्टिसॉल येतं. हे सावकाश वाढतं, पण मुक्काम ठोकतं. स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृताकडून नवी साखर बनवून घेतं आणि रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. दम्यासाठी स्टेरॉइडची गोळी दिली की साखर चढते ना? ती गोळी याच कॉर्टिसॉलची भावंड.

ही सगळी शिदोरी पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी. वाघ मागे लागला तर पाय ती साखर जाळून टाकतील. नाना खाटेवर बसून कर्जाचा हिशेब करत होते.

त्यात झोप नाही. कॉर्टिसॉल एरवी मध्यरात्री तळाला असतं आणि पहाटेपासून चढत सकाळी टोकाला जातं. रात्रीच्या लाईटीवर पाणी भरणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांची ही घडी आधीच विस्कटलेली. (टेन्शन घेऊ नका, असं मी हल्ली कुणाला सांगत नाही. घेतं कोण? ते येतं.)

गोळी लगेच वाढवली नाही. पाणी भरपूर प्या, सकाळ-संध्याकाळ चाला आणि चार दिवसांनी या, एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी १८०. दहाव्या दिवशी आले तेव्हा तळहाताला कोयत्याचे फोड होते. पडलेले केळीचे खांब स्वतः तोडून बांधावर टाकत होते. साखर १४८.

"बरी आहे की, नाना."

"पंचनामा ते व्हई गया," ते म्हणाले, "पैसा आजून उना नही."