तीन महिने संपले, तरी सारथीवर ‘सस्पेंडेड’

निलंबनाची मुदत संपली की लायसन्स आपोआप सुरू होतं, हा समज आधी डोक्यातून काढा. हेल्मेटच्या केसमध्ये माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं होतं. मुदत संपली, कार्ड हातात आलं, तरी पुढचे पाच आठवडे मला गाडी बाहेर काढता आली नाही, कारण सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद ‘सस्पेंडेड’ (निलंबित) अशीच होती.

नोटीस, सुनावणी, आदेश हे वेळेत झालं. पण दंड भरला म्हणजे विषय मिटला असं कुणी समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194डी मध्ये हेल्मेटसाठी 1000 रुपये दंड आहेच, शिवाय तीन महिने अपात्रता आहे. ट्रिपल सीटलाही 194सी खाली तेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 200 सांगतं की दंड भरून तडजोड केली तरी लायसन्सवरची कारवाई सुरू राहते आणि तो गुन्हा पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स थेट रद्द होऊ शकतं.

आता अडलं कुठे ते सांगतो. आरटीओत लायसन्सचं कार्ड परत देणारं टेबल वेगळं, सारथीवरची नोंद काढणारं वेगळं. पहिल्या टेबलवर रजिस्टरमध्ये सही घेतली, कार्ड दिलं, ‘झालं तुमचं काम’ म्हणाले. फाइल पुढच्या टेबलवर गेलीच नाही. चौकातला पोलीस कार्ड न्याहाळत बसत नाही, मशीनमध्ये नंबर टाकतो. नोंद निलंबित दिसली की कलम 182 पुढे येतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. म्हणून खिशात कार्ड असूनही मी रिक्षाने फिरलो.

तीन खेपा तोंडी विनंतीत गेल्या. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब दौऱ्यावर. तोंडी बोलण्याचा काडीचा उपयोग नाही, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या. अर्जात लायसन्स नंबर, आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख, मुदत सुरू झाल्याची व संपल्याची तारीख लिहा. सोबत आदेशाची प्रत आणि त्या दिवशीचा सारथीचा प्रिंट जोडा. मागणी एकाच वाक्यात: ‘सारथी प्रणालीतील निलंबनाची नोंद काढून तसे लेखी कळवावे.’ दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दोन आठवडे काहीच हललं नाही, तेव्हा 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं: या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला, काय कार्यवाही केली? उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. माझी नोंद नवव्या दिवशीच निघाली. ज्याच्या टेबलवर कागद अडलाय त्याचं नाव लेखी मागितलं की कागद हलतो.

रिफ्रेशर प्रशिक्षणाचं, म्हणजे निलंबन झालेल्या चालकाने पुन्हा घ्यायच्या ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणाचं, सांगायचं राहिलं. कलम 19 प्रमाणे ते पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. ते मुदत चालू असतानाच उरका, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ड्रायव्हिंग स्कूल कलम 12 खाली परवाना असलेलं हवं. फी भरण्याआधी त्या परवान्याची तारीख बघा आणि प्रमाणपत्रावर नाव व लायसन्स नंबर अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

मुदत चलनाच्या दिवसापासून मोजू नका, आदेशात लिहिलेल्या तारखा धरा. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं, पण नुसतं अपील दाखल केल्याने निलंबन थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. लायसन्सची मूळ वैधता याच काळात संपत असेल तर तीही तारीख लिहून ठेवा, कारण संपल्यावर एक वर्ष उलटलं तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

नोंद ‘ॲक्टिव्ह’ दिसली की त्याच दिवशीचा प्रिंट काढा आणि निलंबनाच्या आदेशासोबत गाडीच्या कागदांत ठेवा.