आमची वाटचाल : भोंग्यापासून जॅम रूमपर्यंत

वडिलांचा धंदा लाऊडस्पीकरचा. सिंहगड रस्त्यावरचं गोडाऊन, अहुजाचे ॲम्प्लिफायर, भोंगे, वायरींची भेंडोळी आणि एक छोटा हत्ती टेम्पो. गणपती, लग्नं, निवडणुका, यावर घर चाललं. त्यांचं गिऱ्हाईक विचारायचं, "आवाज कुठपर्यंत जाईल?" माझा धंदा जॅम रूमचा, म्हणजे बँडना सरावासाठी तासावर भाड्याने द्यायच्या खोलीचा. माझं गिऱ्हाईक विचारतं, "आवाज बाहेर जाणार नाही ना?"

२०१० च्या डिसेंबरात पुण्यात पहिला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव झाला. अग्नीचा पहिला अल्बम येऊन तीन वर्षं झाली होती, आणि तो बँड आपल्या पुण्याचा म्हणून कॉलेजातल्या पोरांना भारी वाटायचं. गिटार जो तो घेत होता. वाजवायला जागा मात्र नव्हती. एका मित्राच्या फ्लॅटमधला सराव सोसायटीच्या चेअरमननी दोनदा बंद पाडला, तेव्हा मी अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, अर्धं गोडाऊन मागितलं. "ही पोरं भाडं देणार?" एवढंच विचारलं त्यांनी. तासाला दोनशे रुपये ठरवले.

पहिली खोली म्हणजे माझा अडाणीपणा. भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवले, वर जुन्या गाद्या. आत आवाज छान घुमेनासा झाला, पण बाहेर जायचा तेवढाच जात होता. तिसऱ्या दिवशी मागच्या बिल्डिंगमधले काका आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "अरे बाबा, गाणं ऐकू येत नाही त्याचं काही नाही. पण ते धप धप छातीत बसतं."

काका बरोबर होते. मऊ वस्तू आतला घुमारा खातात, आवाज अडवत नाहीत. तो अडवायला वजन लागतं आणि मध्ये पोकळी लागते. त्यातही किक ड्रम (पायाने वाजवतात तो मोठा ड्रम) आणि बेस गिटार यांचे आवाज जमिनीतून, भिंतीतून चालत जातात. मग खोलीत खोली बांधली : मूळ भिंतीपासून चार इंच सुटी फ्रेम, पोकळीत रॉकवूल (दगडी लोकर), वर जिप्समचे दोन थर, ड्रमखाली रबरावर ठेवलेला चौथरा, एकामागे एक दोन दारं. दाराखाली बोटभर फट राहिली होती, तेवढ्यातून निम्मी मेहनत बाहेर गळत होती. सगळ्याचा खर्च छोट्या हत्तीपेक्षा जास्त झाला. अण्णा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आमचं कॅलेंडर इतर धंद्यांपेक्षा वेगळं. गणपतीआधी दोन महिने ड्रमर मिळत नाहीत, सगळे ढोल-ताशा पथकात, नदीपात्रात. खोली ओस आणि अण्णांचे भोंगे मात्र जोरात. दुसरी गळती प्लेसमेंटची. थर्ड इयरला जमलेला बँड फायनलनंतर बंगळुरू, हैदराबाद, जर्मनी असा विखुरतो. किती बँडचं पहिलं आणि शेवटचं गाणं आमच्याच खोलीत वाजलंय. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता नवीन पोरं आली की बेसिस्ट कोणत्या ब्रँचचा, हे आधी विचारतो.

शोला आम्ही बॅकलाइन देतो, म्हणजे ड्रम किट, गिटार आणि बेसचे ॲम्प. कोरेगाव पार्कात हाय स्पिरिट्ससारखी जागा होती म्हणून स्वतःची गाणी वाजवणाऱ्या पोरांना समोर प्रेक्षक तरी मिळाले. पण या कामात पैसा अडकतो. एका पबने (नाव घेत नाही) चार शोंचं बिल दीड वर्ष लटकवलं, आणि मग मालकच बदलला. तेव्हापासून किट गाडीतून उतरवायच्या आधी निम्मे पैसे. दहाच्या आत मोठा आवाज बंद, हेही आधीच सांगतो. गणपतीत काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, रॉकला कोण देतंय?

२०१७ मध्ये पुण्याच्याच ईझी वाँडरलिंग्ज या बँडचा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम आला आणि मग हळू वाजवणारेही चौकशीला येऊ लागले. त्यांना आमची खोली फार कोरडी, घुमारा नसलेली वाटायची, म्हणून एका भिंतीला लाकडी पट्ट्या मारल्या. रेकॉर्डिंगही तिथूनच सुरू झालं. आता आठ गाण्यांचा अल्बम करायला कुणी थांबत नाही, एकेक गाणं सोडतात. गिटार, आवाज घरीच लॅपटॉपवर होतं. ड्रम घरी होत नाहीत. त्यासाठी आठ माइक आणि अशी खोली लागते, आणि आज आमचं निम्मं उत्पन्न त्याचंच आहे.

मार्च २०२० नंतरचे महिने लांबवत नाही. खोली बंद, फोमला बुरशी, छोटा हत्ती विकला.

तासाचा दर आता साडेचारशे आहे. अण्णा संध्याकाळी येतात, बाहेर खुर्ची टाकून बसतात. आतलं काही ऐकू येत नाही, दाराच्या काचेतून नुसतं दिसतं. परवा एका नव्या ड्रमरकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "याचं मनगट ताशाचं आहे." बाहेर आल्यावर त्याला विचारलं. सहा वर्षं पथकात होता.