पत्रेकामाचा तास

मी १९९८च्या दहावीचा, टेक्निकलवाला. संस्कृत घेणारे हुशार आणि टेक्निकल घेणारे हातोडेवाले, अशी तेव्हा आपल्या शाळेत सरळ वाटणी होती. आता ठाण्यात प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्यांचं, डिझाइन करतो आणि रविवारी शाळकरी मुलांच्या एका रोबोटिक्स टीमला मदत करतो.

त्यांची स्पर्धा म्हणजे संशोधक डीन केमन यांच्या ‘फर्स्ट’ संस्थेची, अमेरिकेत १९९२ला सुरू झालेली. यंत्र खेळण्याएवढं नसतं. २०२४च्या नियमात बंपर आणि बॅटरी सोडून १२५ पौंडांची मर्यादा होती, म्हणजे जवळजवळ ५७ किलो. असं धूड दुसऱ्या धुडावर आपटतं. चाकं, मोटारी, चेन ज्यात बसतात तो खालचा गाडा आम्ही पत्र्याचा करायचं ठरवलं, तर मुलं म्हणाली, “सर, २ मिलिमीटरचा पत्रा वाकेल ना?”

वाकेलच. म्हणून आधी आपणच वाकवायचा.

हे मला आपल्या टेक्निकलच्या सरांनी शिकवलं. मृग लागायच्या आधी शाळेची पन्हळ ते आमच्याकडूनच करून घ्यायचे. सपाट पत्रा दोन टोकांना धरला की मधे लोंबतो. कडा काटकोनात उभ्या केल्या की तोच पत्रा ताठ. गाड्याची प्रत्येक बाजू आम्ही तशीच केली: कडा वळवलेल्या दोन पत्र्यांच्या मधे तीन चाकं. मधलं चाक ३ मिलिमीटर खाली. सहाही चाकं सारखी टेकली तर वळताना टोकाची चाकं आडवी घासतात आणि मोटारींचा जीव काढतात.

“आधी कागदार, मगे पत्र्यार,” असं सर म्हणायचे आणि कात्री काढून घ्यायचे. उलगड, म्हणजे वाकवायच्या आधीचा सपाट आकार, काढल्याशिवाय कापायचं नाही. २ मिलिमीटर पत्रा आणि आतली त्रिज्याही २ मिलिमीटर असेल, तर बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक काटकोनी वळणामागे साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. आता हे सॉफ्टवेअर करतं. पण त्याला द्यायचा आकडा त्या पत्र्याचा आणि त्या मशीनचाच हवा. म्हणून सरांसारखीच मुलांनाही पत्र्याची एक पट्टी दिली: मोजा, वाकवा, परत मोजा. वळणाजवळ भोक पाडलं की ते लांबट होतं, हेही त्यांना त्या पट्टीवरच दिसलं.

मजबूत म्हणून त्यांना ६०६१-टी६ या जातीच्या ॲल्युमिनियमचा पत्रा हवा होता. तो बारीक त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या अंगाला तडकतो. ५०५२ ही ॲल्युमिनियमचीच दुसरी जात, तिचा पत्रा निमूट वळतो. रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच घेतले. ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू लावलेला सरांना खपायचा नाही. खाऱ्या वाऱ्यात दोन धातूंचं भांडण लागतं आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ठाण्याच्या हॉलमध्ये कसला खारा वारा! पण सवय जात नाही.

शाळेत थ्रीडी प्रिंटर आलाय असं ऐकलं. आनंद आहे, फक्त त्याला जागा करताना पत्रेकामाचा बाक, कात्री आणि लाकडी मॅलेट भंगारात घालू नका. गणपतीला येताना ५०५२चे उरलेले तुकडे घेऊन येतो. नववीच्या मुलांना आधी नरसाळं करायला द्या. शंकूची उलगड कागदावर काढायला सांगितली तर आमच्या ऑफिसातले निम्मे इंजिनिअर अजून मोबाइल शोधतात.