घाटावरच्या सभागृहाच्या भिंतीला आठ भोकं

गावाचं नाव लिहीत नाही. भिलवडीपासून हरिपूरपर्यंत कृष्णाकाठचं कुठलंही गाव समजा. घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीला लागून सार्वजनिक सभागृह आहे. एकादशीचं भजन, बचत गटाच्या बैठका, लसीकरण, मतदान, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांची बसायची सोय, सगळं तिथंच होतं. एका अंगाला छोटं वाचनालय. 2021 च्या पुरानंतर या सभागृहाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडं आलं. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून सांगलीतच कामं करते, त्यामुळं पुरात बसलेल्या इमारती भरपूर पाहिल्यात. पण या एका कामाबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमच्याकडं नदीची उंची सांगलीतल्या आयर्विन पुलावर मोजलेल्या फुटांत बोलतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2005 ला पाणी 53 च्या पुढं गेलं, 2019 ला 57 च्या पुढं, 2021 ला परत 54 च्या पुढं. या सभागृहात 2019 ची रेघ फरशीपासून आठ फुटांवर होती आणि 2021 ची पाच फुटांवर. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची रेषा, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. सभागृह निळ्या रेषेच्याही आत आहे. तिथं पाणी येणार का, हा प्रश्नच नाही.

आणि तरीही दर पुरानंतरचं अंदाजपत्रक तेच. गिलावा पाडून नवा गिलावा, टाइल्स, पीओपीचं छत, प्लायवूडची कपाटं, रंग. 2005 नंतर हेच केलं, 2019 नंतर हेच केलं, आणि माझ्या हातात पडलेल्या कागदावरही हेच होतं. लोकांचा पैसा दर वेळी त्याच नदीत वाहून जातो, याचा मला मनापासून राग येतो.

मूळ सभागृह जुनं. खिडकीच्या तळापर्यंत काळ्या दगडाचं चुन्यातलं बांधकाम, वर वीट, छताला लाकडी कैच्या म्हणजे त्रिकोणी सांगाडे, आणि मंगलोरी कौलं. वाचनालयाची खोली नंतर जोडलेली, विटांची, सिमेंटच्या गिलाव्याची. 2021 ला जुन्या भागाची भिंत जागची हलली नाही. वाचनालयाची नदीकडची भिंत मात्र पोटातून आत आली आणि उभी चिरली. सगळ्यांना वाटलं, नवं काम कच्चं. काम तसं बरं होतं. झालं होतं असं, की पोरांनी पुस्तकं वाचवायला म्हणून दारात वाळूची पोती रचून, फटी चिखलानं लिंपून खोली अगदी बंद केली होती. बाहेर पाणी कमरेपर्यंत चढलं आणि आत कोरडं. एक मीटर खोल पाणी भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला एक टनाचा दाब देतं. वर तो कमी होत जातो, तरी सरासरी काढली तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अर्धा टन आडवा जोर येतो. तीन मीटरच्या भिंतीवर दीड टन. नऊ इंची विटेची भिंत वरून येणारं वजन झेलायला असते, बाजूचा रेटा सोसायला नसते. पोरांच्या मनात फक्त पुस्तकं होती. त्यांना कुणी हे सांगितलेलंच नव्हतं.

म्हणून मी ग्रामपंचायतीच्या बैठकीत सांगितलं, पाणी अडवायचं नाही. आत घ्यायचं, दोन्हीकडची उंची सारखी ठेवायची आणि उतरताना ते आपोआप बाहेर जाईल अशी वाट करून द्यायची.

"ताई, आम्ही पाणी थांबवा म्हंतोय, आणि तुम्ही भिंतीला भोकं पाडा म्हंता?" एक आजोबा उठून उभे राहिले. त्यांचं चुकत नव्हतं. दोनदा ज्यांचं घर गाळानं भरलंय, त्या माणसाला हे ऐकवणं सोपं नाही. मी त्यांना वाचनालयाच्या भिंतीपाशी नेलं, चीर कुठून सुरू झाली ते दाखवलं, आणि शेजारची उघड्या खिडक्यांची जुनी भिंत दाखवली. मग ते म्हणाले, "बरं, पण साप येतील त्याचं काय?"

हा प्रश्न खरा होता आणि त्यावर बराच विचार केला. अमेरिकेत अशा इमारतींसाठी नियम आहे, की आतल्या दर चौरस फुटाला किमान एक चौरस इंच उघडी जागा हवी आणि भोकाचा तळ जमिनीपासून एका फुटाच्या आत हवा. वाचनालय आणि मागची खोली मिळून साधारण 600 चौरस फूट. नऊ इंच बाय नऊ इंचाची आठ भोकं केली की 648 चौरस इंच होतात. ती समोरासमोरच्या भिंतींत वाटून घेतली. बारीक जाळी लावली असती तर पहिल्याच दिवशी जलपर्णीनं बुजली असती. म्हणून प्रत्येक भोकाला वर बिजागरी असलेलं, दोन्हीकडं हलणारं गॅल्वनाइज्ड पत्र्याचं झाकण. एरवी ते बंद लटकतं, साप-उंदीर आत येत नाहीत, आणि पाणी आलं की त्याच्याच जोरानं उघडतं. आमच्या मिस्त्रींनी, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, झाकणाची कड आतून दुमडून घेतली म्हणजे हात कापणार नाही. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

चिरलेली भिंत उतरवून परत बांधली. पण खरा वेळ गेला भिंती वाळवण्यात. पाणी ओसरल्यावर महिन्याभरात उद्घाटन करायची घाई असते, आणि ओल्या भिंतीवर रंग दिला की दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. आम्ही पुराच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढला आणि भिंत उघडी ठेवली. ऑक्टोबरच्या उन्हाचा फार उपयोग झाला. वर पांढरे क्षार फुटले ते कोरड्या ब्रशनं झाडले, पाण्यानं धुतले नाहीत, कारण धुतले की ते परत आत शिरतात. भिंत वाळली का हे बघायला प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून थेंब दिसले की थांबायचं. सरपंचबाई दर आठवड्याला स्वतः येऊन तो तुकडा बघायच्या. जुन्या दगडी भागाला चुन्याचाच गिलावा केला. तिथं सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि चुन्याचे सांधे भुसभुशीत होतात.

बाकीचं थोडक्यात. पीओपी आणि प्लायवूड पूर्ण बंद. चौकटी ग्रॅनाइटच्या. दारं भरीव लाकडाची, उचलून काढता येतील अशा बिजागऱ्यांवर. टाइल्सऐवजी शहाबादी फरशी, नदीकडच्या दाराकडं शंभराला एक असा उतार देऊन. आमच्या लोकांना गाळाचं शास्त्र कुणी शिकवायला नको. पाणी उतरायला लागलं की खराटे घेऊन त्याच पाण्यात गाळ ढवळत बाहेर काढतात, कारण कृष्णेचा काळा गाळ एकदा वाळला की कुदळीनं खणावा लागतो. उतार दिल्यानं त्यांचं काम हलकं होईल, एवढंच मी केलं. मीटर आणि मुख्य बोर्ड साडेनऊ फुटांवरच्या लोखंडी माळ्यावर नेले. वायरी सगळ्या वरून खाली येतात आणि खालच्या बटणांचं सर्किट वेगळं, म्हणजे पाणी वाढायला लागलं की तेवढंच बंद करता येतं. त्याच माळ्यावर पुस्तकं, हार्मोनियम, पखवाज आणि दप्तर ठेवायला झाकणाचे क्रेट आहेत.

एका हितचिंतकांनी कोकणातल्या किनाऱ्यावरच्या इमारतींचे फोटो पाठवून, तसंच खांबांवर उभं करा, असं सुचवलं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर मी श्रीवर्धन-दिवेआगरकडं जाऊन आले होते, म्हणून सांगते, समुद्राचं गणित वेगळं. तिथं लाट आपटते, पायाखालची वाळू ओढून नेते, आणि खारं पाणी सळईला गंज चढवतं. तिथं तळमजल्याच्या भिंती हलक्या ठेवून लाटेबरोबर जाऊ द्यायच्या आणि खांब वाचवायचे. आमची नदी सावकाश चढते आणि दिवसचे दिवस बसून राहते. इथं लढाई भिजण्याशी आणि गाळाशी आहे. खांबांवर चढवलेल्या सभागृहात म्हातारी माणसं दहाव्याला जिने चढून जाणार नाहीत, हेही आहेच.

एक गोष्ट मी अडून बसून करून घेतली. सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 च्या रेघा तेलरंगात ओढल्या, आणि खाली ठळक लिहिलं, "पुरात इथं थांबू नये. शाळेकडं जावं." माळा मजबूत आहे, म्हणून कुणी तिथं रात्र काढायचा विचार करील याची मला भीती वाटते. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली, तो दिवस या भागात कुणी विसरलेलं नाही. ही इमारत सामानासाठी तयार केली आहे. माणसांनी पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागायच्या आधीच निघायचं.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात पाणी गुडघाभर आत आलं. झाकणं उघडली. दोन झाकणांत फांद्या अडकल्या, पण आत-बाहेर पातळी सारखी राहिली. पाणी उतरल्याच्या चौथ्या दिवशी तिथं बचत गटाची बैठक झाली.

स्वच्छतागृहाचं मात्र अजून राहिलंय. सांडपाण्याच्या पाइपला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला, पण सेप्टिक टँक घाटाच्या इतका जवळ असणं मला पटत नाही. पुरात त्यातलं सगळं नदीत आणि गावात जातं. तो शाळेच्या अंगाला, वरच्या जागेत हलवायला हवा. जागेचा ठराव ग्रामसभेत यायचाय. ठराव झाला की त्याचं ड्रॉइंग आणि अंदाजपत्रक मी फी न घेता करून देणार आहे, तसं सरपंचबाईंना लिहून दिलंय.