मंद आलेला तारा

२०२०च्या फेब्रुवारीत काढलेला मृग नक्षत्राचा एक फोटो माझ्याकडे पडून आहे. इतका स्वच्छ मृग माझ्या हातून क्वचितच आलाय. ज्यांच्यासाठी तो काढला, त्यांनी मात्र ‘एक तारा चुकलाय’ म्हणून परत पाठवला. तारा चुकलेला नव्हता. तरीही त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

शाळांच्या भिंतींवर लावायचे तक्ते छापणाऱ्या एका संस्थेला मृगाची सगळी गोष्ट एका फोटोत हवी होती. व्याध, त्याने सोडलेला त्रिकांड बाण, बाण लागलेलं हरिण आणि पलीकडे रोहिणी. दुर्बिणीत ही गोष्ट कधीच मावत नाही. व्याधापासून रोहिणीपर्यंत आकाशात साधारण ४५ अंशांचं अंतर आहे, म्हणजे नव्वद पूर्णचंद्र एका रांगेत मांडता येतील एवढं. त्यासाठी फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स लावायची आणि चौकट तिरकी धरायची. मोठ्या दुर्बिणी बाळगणारे आम्हा आकाशाचे फोटो काढणाऱ्यांतले काही जण कॅमेऱ्याच्या लेन्सने आकाश टिपणं हे शिकाऊ लोकांचं काम समजतात. पण मृगाला अर्धा वेढा घालणारी हायड्रोजनची लाल कमान आज एडवर्ड बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत काम करताना त्याने ती टिपली ती तिथल्या प्रचंड दुर्बिणीतून नव्हे, मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या जुन्या दिव्याच्या, दीड इंची भिंगातून. पसरट आणि अंधूक गोष्टीला रुंद नजरच लागते, हे त्याला तेव्हा कळलं होतं.

त्या वर्षी महाशिवरात्र शुक्रवारी, २१ तारखेला होती आणि अमावास्या रविवारी. शुक्रवारी भंडारदऱ्याच्या बाजूला जाण्यात अर्थच नव्हता, प्रत्येक देवळावर रोषणाई. शनिवारी अकोले तालुक्यातल्या एका ओळखीच्या पठारावर पोचलो. तिथल्या शेतकरी बाबांच्या खळ्यावर मी नेहमी तिपाई लावतो. आठच्या सुमारास पूर्ण अंधार झाला तेव्हा मृग जवळजवळ डोक्यावर होता. पश्चिमेला शुक्र इतका झगझगीत की लेन्सला हुड नसता तर चौकटीबाहेरूनही त्याने त्रास दिला असता.

आपल्याकडे या कामातला सगळ्यात चिवट भाग म्हणजे ध्रुवतारा. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे अचूक रोखावा लागतो, आणि अकोले तालुक्याच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंश वर असतो. युरोपातल्या लोकांना तो निम्म्या आकाशात टांगलेला मिळतो. आपल्याला तो डोंगराच्या खांद्यावरून, धुळीतून आणि फेब्रुवारीत वर वणव्याच्या धुरातून शोधायचा. त्याची भरपाईही आहे म्हणा: त्यांच्या क्षितिजाखाली राहणारा अगस्त्य आपल्याकडे चांगला वर येतो. त्या रात्री धूर खाली दरीत बसला होता आणि ध्रुव स्वच्छ सापडला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याध दहा पट मोठा करून फोकस केला, रिंगला टेप मारली, दवासाठी लेन्सभोवती गरम पट्टा गुंडाळला, छिद्र एफ ४ वर आणलं. एफ २ ला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, ते तक्त्यावर दिसले असते.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ठळक तारे एकजात पांढरे होतात. सेन्सरचा तेवढा बिंदू काठोकाठ भरतो आणि मग तेजस्वी काय, मध्यम काय, सगळे सारखेच ठिपके. डोळ्यांना ओळखीचं नक्षत्र फोटोत हरवतं ते त्यामुळे. म्हणून थोड्या फ्रेम लेन्सपुढे धुक्याचा फिल्टर लावून घेतो. त्यामुळे ताऱ्याभोवती त्याच्याच रंगाचं वलय येतं, आणि जितका तारा ठळक तितकं ते मोठं. शिवाय सुरुवातीला दोन-दोन सेकंदांच्या काही फ्रेम घेतो, त्यात कुठलाच तारा भरून जात नाही. कोणी मागत नाही, तरी घेतो.

धुक्याच्या फिल्टरच्या फ्रेमवर मी अडकलो. काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, मृगाचा वरचा डावा तारा. एरवी त्याचं नारिंगी वलय राजन्याच्या, म्हणजे खालच्या उजव्या रायजेलच्या, निळ्या वलयाच्या जवळपास जातं. इथे ते समोरच्या, वरच्या उजव्या बेलाट्रिक्सएवढंच होतं. हा तारा मंदावत असल्याच्या बातम्या डिसेंबरपासून येत होत्या. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने आदल्याच आठवड्यात त्याच्या पृष्ठभागाचं चित्र प्रसिद्ध केलं होतं, एक बाजू काळवंडलेलं. पण बातमी वाचणं वेगळं आणि आपल्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृगाचा एक पाय खचलेला बघणं वेगळं. बाबा बाजूलाच शेकोटीशी बसले होते. त्यांना बातमीतलं काही माहीत नव्हतं. मी काहीच न सांगता विचारलं, “बाबा, वरच्या दोन्हींत जास्त कोणता चमकतोय?” ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “बराबर हायेत दोन्ही. तांबडा पहिला मोठा असायचा.” बदलत्या ताऱ्यांचे वेध घेणारे हौशी निरीक्षक जगभर नेमकं हेच करतात, जवळच्या दोन ताऱ्यांची डोळ्यांनी तुलना. एवढ्या निर्मळ मनाचा निरीक्षक मिळणं कठीण.

घरी येऊन छोट्या एक्स्पोजरच्या फ्रेममधला फक्त हिरवा चॅनेल, म्हणजे सेन्सरने टिपलेला हिरवा प्रकाश, मोजला. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा मूळ फिल्टर बदललेला आहे. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश आत यावा म्हणून तो बदलावा लागतो, त्यामुळे लाल चॅनेलमध्ये काक्षी फुगलेलाच दिसतो. हिरवा चॅनेल डोळ्यांच्या नजरेच्या जवळ असतो. त्यात काक्षी आणि बेलाट्रिक्स जवळपास सारखे भरले. दोन्ही तारे आकाशात उंच आणि एकमेकांपासून सात-आठ अंशांवर, म्हणजे हवेमुळे फरक पडण्याचा प्रश्न नाही. ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी; बेलाट्रिक्सची प्रत १.६ आहे आणि काक्षीची एरवी ०.५ च्या आसपास. एक तारा आपल्या नेहमीच्या प्रकाशाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला होता आणि तो माझ्या ३५ मिमीच्या लेन्सने पकडला होता. त्या आकड्यांचा मला आजही अभिमान आहे.

फोटो पाठवल्यावर संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. “सर, बाकी अप्रतिम आहे. फक्त डावीकडचा वरचा तारा बारीक आलाय, तेवढा मोठा करून द्या. नाहीतर आमचा मुलगा करतो, पाच मिनिटांचं काम.” मी काय घडतंय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पण सर, तक्ता दहा वर्षं भिंतीवर राहणार. पुस्तकात लिहिलंय तेजस्वी तारा, तक्त्यावर बारीक. शिक्षकांनी काय सांगायचं?”

मी म्हटलं, हेच सांगायचं, की तारे बदलतात. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३६ मध्येच या ताऱ्याचा कमी-जास्तपणा नोंदवला होता. त्यावर त्यांनी विचारलं, “मग तो लाल रंग तरी कुठे डोळ्यांना दिसतो? तो तुम्ही वाढवलेला चालतो आणि तारा वाढवलेला चालत नाही?”

याचं उत्तर मी दिलं. मी कमान रंगवत नाही. फ्रेममधल्या प्रत्येक बिंदूला एकच वक्र, म्हणजे उजेड वाढवायचा एकच नियम, लावून अंधारातला प्रकाश वर उचलतो. जे सेन्सरवर पडलं तेच दिसतं, त्याचा क्रम बदलत नाही. एकाच ताऱ्यावर ब्रश फिरवला की क्रम मोडतो. माझ्या मते ही रेघ पक्की आहे. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांचा प्रश्न खरं-खोट्याचा नव्हताच. तक्ता ही एका रात्रीची नोंद नसते. भूगोलाच्या नकाशात कोणी नदीचा पूर दाखवत नाही.

तारा फुगवायला मी नकार दिला आणि त्याच लेन्सने काढलेली २०१७ची जुनी फ्रेम दिली. कमान त्यात फिकी आहे, एका कोपऱ्यात शहराची पिवळट झाक आहे. त्यांना ती लगेच पसंत पडली. आपल्याकडे शालेय साहित्य करणाऱ्यांची ही सवय मला मनापासून खुपते: आकाश पुस्तकाशी ताडून बघतात, पुस्तक आकाशाशी कधीच नाही.

एप्रिलपर्यंत काक्षी बराच सावरला. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात कारण आलं: ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू, पृष्ठभागाचा थंड पडलेला भाग आणि त्यातून आपल्या बाजूला तयार झालेला धुळीचा ढग. मॅडमचं ‘दहा वर्षं’ तिथवर बरोबर ठरलं. पण २०२३च्या वसंतात तोच तारा नेहमीपेक्षा जास्त उजळला आणि थेट राजन्याच्या बरोबरीला गेला. ते बघताना पहिला विचार त्या तक्त्याचा आला. छापलेला काक्षी त्या महिन्यांत खऱ्यापेक्षा बारीक होता, आणि कोणाचाही फोन आला नाही.

मग नेहमीचा काक्षी म्हणजे नेमका कोणता? सुमारे चारशे दिवसांच्या फेऱ्यात तो कमी-जास्त होतच असतो. तेव्हा दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा असा हट्ट धरायला हवा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तक्त्याची जागा, छपाईचा खर्च, सगळं आड आलं असतं हेही खरं. आता मात्र कुठल्याही तक्त्यासाठी फोटो देताना खाली तारीख छापायची अट घालतो. काही जण मान्य करतात, काही जण काम दुसऱ्याला देतात.