रोंडेचा तक्ता भरताना

मार्च अर्धा सरला की बेल्जियममधल्या गेंटच्या आमच्या ऑफिसात कॉफी मशीनशेजारी एक तक्ता लागतो. 'रोंडे' या सायकल शर्यतीत पहिले पाच कोण येणार ते क्रमाने लिहायचं, आणि किती किलोमीटर बाकी असताना जिंकणारा बाकीच्यांपासून निसटेल तेही लिहायचं. महिलांच्या शर्यतीला वेगळा रकाना. शर्यत रविवारी असते, तक्ता शुक्रवारी संध्याकाळी बंद होतो. बाहेरच्या जगाला ही शर्यत टूर ऑफ फ्लँडर्स म्हणून माहीत आहे. 1913 साली ती सुरू झाली. पहिल्या महायुद्धातली चार वर्षं सोडली तर एकदाही चुकलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हाही झाली. इथल्या माणसांचा तो सणच, आणि तक्ता ही सणाची तयारी.

2025 साली मी हा तक्ता पहिल्यांदा सगळाच्या सगळा भरला. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: मॅथ्यू व्हान डर पूल चौथ्यांदा जिंकणार का? तोवर सात जणांनी रोंडे तीन-तीनदा जिंकली होती, चारदा कुणीच नाही. 2020, 2022 आणि 2024 जिंकून व्हान डर पूल त्या सातांत जाऊन बसला होता. त्याचे वडील आद्री यांनीही 1986 मध्ये हीच शर्यत मारली होती. समोर होता तादेय पोगाचार, 2023 चा विजेता, जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी अंगावर घेऊन आलेला. टूर द फ्रान्ससारखी तीन आठवड्यांची शर्यत जिंकणारी सडपातळ माणसं रोंडेतल्या दगडी रस्त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. हा जातो. म्हणूनच मला तो फार आवडतो.

आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक सहकारी आहेत. रोंडेच्या बाबतीत त्यांचा शब्द सगळे मानतात. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चढावर कोण जोरात आहे ते सगळेच बघतात. तू चढ सुरू व्हायच्या आधी कोण कुठे आहे ते बघ." मग मी मार्च-एप्रिलच्या शर्यती तशा नजरेने पाहायला बसले.

मिलान-सान रेमोला व्हान डर पूलने पोगाचारला आणि फिलिपो गान्नाला स्प्रिंटमध्ये, म्हणजे शेवटच्या जोरदार धावेत, मागे टाकलं. ती इटलीतली शर्यत, रस्ता गुळगुळीत, त्यामुळे तिच्यावरून फार काही ठरवता येत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी हारेलबेकेची ई-3 झाली. तिच्यात रोंडेचेच पाटरबर्ग आणि आउदे क्वारेमाँट हे चढ येतात. क्वारेमाँटवर व्हान डर पूल एकटा सुटला आणि जवळपास चाळीस किलोमीटर एकट्यानेच गेला. दोन दिवसांनी गेंट-वेव्हेलगेममध्ये डेन्मार्कचा मॅड्स पेडरसन तर पन्नासहून अधिक किलोमीटर एकटा पळाला. बुधवारी वारेगेमच्या शर्यतीत भलतंच झालं. आघाडीवर चौघे, त्यातले तिघे एकाच संघाचे: वाउट व्हान आर्ट, मॅटेओ जॉर्गेन्सन आणि टीश बेनोट. चौथा अमेरिकन नीलसन पॉवलेस, एकटा. आळीपाळीने हल्ले करून त्याला दमवायचं सोडून तिघांनी व्हान आर्टच्या स्प्रिंटवर भिस्त ठेवली, आणि पॉवलेसने स्प्रिंट मारली. गुरुवारी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. व्हान आर्ट हा बेल्जियमचा लाडका आणि त्याने रोंडे अजून जिंकलेली नाही, त्यामुळे लोकांना ते फार लागलं होतं.

पण मला तक्ता खऱ्या अर्थाने भरता आला तो क्वारेमाँट स्वतः चढून पाहिल्यावर. गेंटहून आउदेनार्देला ट्रेनने सायकल नेता येते. तिथून शेल्डे नदीकाठचा सपाट रस्ता धरून क्लाउसबर्गनच्या बाजूला निघायचं. मी पुण्याची. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटांचा राजा' कोण होणार याच्या गप्पा घरी लहानपणापासून ऐकलेल्या. चढ म्हणजे लांबलचक घाट, हेच डोक्यात. क्वारेमाँट जेमतेम 2.2 किलोमीटरचा, सरासरी चढ 4 टक्के. कागदावर काहीच नाही.

सुरुवातीला डांबर आहे. मग दगड सुरू होतात आणि हँडल हातात राहीना. दगड एकसारखे बसवलेले नाहीत. रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता, दोन दगडांमधल्या फटीत माती. पकड घट्ट केली की हादरा खांद्यापर्यंत जातो, सैल सोडली की चाक आपल्या मनाने कडेला सरकतं. मधल्या टप्प्यात चढ 11 टक्क्यांवर जातो. तो पार करून गावात शिरलं, चर्च दिसलं, की वाटतं झालं. तसं नसतं. गावाबाहेर दगड तसेच चालू राहतात, चढ हलकासा, डोळ्यांना जवळजवळ सपाट, आणि मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत संपत नाही. पायांत जे काही उरलेलं असतं ते तिथे जातं. शर्यत त्या शेवटच्या तुकड्यात फुटते, हे मला तिथे समजलं. तीव्र चढावर नुसत्या उसळीने निभतं. इथे बसल्या जागी, दगडांवर, पाच-सहा मिनिटं एकसारखी ताकद लावावी लागते, आणि तीही अडीचशे किलोमीटर झाल्यावर.

चढाच्या पायथ्याशीही थांबून पाहिलं. रुंद, वेगवान रस्त्यावरून पेलोटॉन, म्हणजे सायकलपटूंचा मुख्य घोळका, येतं आणि एका अरुंद रस्त्यात शिरतं. पहिल्या वीसात नसलेला माणूस कितीही दणकट असो, पुढच्याचा वेग पडला की त्याचाही पडतो. म्हणून चढाआधीचे दोन-तीन किलोमीटर सगळे संघ जीव तोडून पुढे घुसतात. आमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं हेच होतं.

पाटरबर्गचं वेगळं. उताराने भरधाव यायचं, उजवीकडे काटकोनात वळायचं आणि समोर भिंत: सुमारे 360 मीटर, तीव्रता 20 टक्क्यांवर. तिथून फिनिशपर्यंत 13 किलोमीटर. ही वाट साधारण ईशान्येला आउदेनार्देकडे जाते. नैर्ऋत्येचा वारा असला तर एकट्या सुटलेल्याला तो ढकलत नेतो, समोरून असला तर मागून पाठलाग करणाऱ्या टोळीचं फावतं. शर्यतीआधी इथली माणसं पावसापेक्षा वाऱ्याची चौकशी जास्त करतात, त्याचं कारण हे.

शुक्रवारी दुपारी मी तक्ता लिहिला. पहिला पोगाचार, दुसरा व्हान डर पूल, तिसरा पेडरसन, चौथा व्हान आर्ट, पाचवा गान्ना. निसटायची जागा: शेवटचा क्वारेमाँट (शर्यतीत हा चढ तीनदा येतो), 18 किलोमीटर बाकी. 2023 मध्येही पोगाचार तिथेच सुटला होता. शिवाय व्हान डर पूलबरोबर स्प्रिंटपर्यंत जाणं त्याला परवडणारं नव्हतं. सान रेमोला ते दिसलंच होतं. म्हणजे त्याला एकट्यानेच यायचं होतं, आणि शेवटचा क्वारेमाँट सोडला तर तशी दुसरी जागा नव्हती. महिलांत मी लोटे कोपेकीला पहिलं ठेवलं. 2022 आणि 2023 ची विजेती, विश्वविजेती, आणि चौघी-पाचजणी बरोबर आल्या तरी स्प्रिंट मारू शकणारी. आमच्या सहकाऱ्यांनी व्हान डर पूल लिहिला. म्हणाले, "तू पोगाचार का लिहिलास ते कळलं. पण या माणसाला इथले रस्ते पाठ आहेत."

6 एप्रिलला शर्यत ब्रुजहून निघाली. आम्ही सकाळीच क्वारेमाँटवर जागा धरली होती. काळ्या सिंहाचे पिवळे झेंडे, दगडांवर बिअर सांडलेली, शेतातल्या मोठ्या पडद्यावर शर्यत चालू. सायकलपटू तीनदा समोरून जातात. पहिल्यांदा पेलोटॉन लांबलचक ओळीने गेलं, दुसऱ्यांदा त्याचे तुकडे झाले होते. तिसऱ्यांदा पोगाचार एकटा आला. खोगिरावर बसूनच, तोंड उघडं, गावाबाहेरच्या त्या सपाट वाटणाऱ्या तुकड्यावर वेग जराही न पडू देता. मागे व्हान डर पूल, पेडरसन, व्हान आर्ट आणि यास्पर स्टाउव्हन. मी घसा बसेस्तोवर ओरडले.

फिनिशला पोगाचार मिनिटभर आधी पोचला. दुसऱ्या जागेची स्प्रिंट पेडरसनने व्हान डर पूलच्या पुढे मारली, चौथा व्हान आर्ट, पाचवा स्टाउव्हन. नंतर महिलांच्या शर्यतीत चौघी एकत्र आल्या आणि कोपेकी जिंकली, तिसऱ्यांदा. महिलांत तीन विजय तोवर कुणाचेच नव्हते.

सोमवारी तक्त्यावर हिशेब झाला. निसटायच्या जागेचे गुण मला मिळाले. स्टाउव्हनला पाचवा लिहिणारी अकाउंट्समधली एक मुलगी एकूण गुणांत पुढे गेली, आणि तिने तो कसा ओळखला हे मी तिच्याकडून जेवणाच्या सुट्टीत समजून घेतलं. तोवर पॅरिस-रुबे या पुढच्या शर्यतीचा तक्ता लागला होता. तिथे चढ नाहीत, सपाट रस्त्यावर दगडांचे लांब पट्टे आहेत, त्यामुळे क्वारेमाँटवरून काढलेला अंदाज तिथे चालत नाही. मी व्हान डर पूल लिहिला.