बंद पडण्याआधीची चिप

शनिवार, रात्र

१.१ चा ५३ वा घात साधारण १५६ येतो. फेसबुकच्या एका सर्व्हरमधल्या ५९ क्रमांकाच्या कोअरने, म्हणजे प्रोसेसरमधल्या हिशेब करणाऱ्या एका भागाने, तो शून्य काढला होता. २०२१ साली त्यांच्याच इंजिनिअरांनी हे जाहीर केलं. त्या हिशेबावरून फाइलचा आकार शून्य ठरला, त्यामुळे ती फाइल लिहिलीच गेली नाही. कुठे एरर नाही, सर्व्हरही चालूच. त्याच वर्षी गूगलच्या मंडळींनी लिहिलं की काही हजार मशीनमागे असे थोडे कोअर निघतातच. हे वाचल्यापासून अस्वस्थ आहे. बंद पडलेली चिप निदान कळते आणि बदलता येते. ठामपणे चुकीचं उत्तर देणारी कशी ओळखायची?

म्हणून आज चिपची तब्येत आतूनच मोजणाऱ्या, इस्रायलच्या हैफामधल्या प्रोटिअनटेक्सबद्दल सापडेल ते वाचत बसलो. २०१७ मधली कंपनी. तिचे एक संस्थापक शाय कोहेन हे डेटा सेंटरसाठी नेटवर्कच्या चिप बनवणाऱ्या मेलानॉक्सच्याही संस्थापकांपैकी एक. तीच मेलानॉक्स, जी एनव्हिडियाने २०२० मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलरला घेतली. डेटा सेंटरच्या चिप बनवलेल्या माणसांना हे दुखणं जवळून माहीत असणार.

यांची पद्धत मला मनापासून पटली. डिझाइन करतानाच चिपमध्ये ठिकठिकाणी अगदी छोटी मोजणी-सर्किट पेरायची. ३ गिगाहर्ट्झला क्लॉकच्या दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ३३३ पिकोसेकंद असतात. सिग्नल तेवढ्यात पोहोचला पाहिजे. पोहोचल्यावर किती वेळ शिल्लक राहिला, हे ही सर्किट चिप काम करत असतानाच मोजतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि व्होल्टेजने ट्रान्झिस्टर मंदावतात, शिल्लक आटत जाते. ती संपायच्या आतच आकड्यांत दिसू लागते. बाकीचं काम बाहेरच्या सॉफ्टवेअरचं: हजारो चिपचे आकडे शेजारी ठेवून वेगळी वागणारी चिप हेरायची.

माझं रोजचं काम चिपच्या टाइमिंगचं, म्हणजे सिग्नल वेळेत पोहोचतील ना हे बघण्याचं, म्हणून हे जास्त भिडतं. आम्ही पुढच्या दहा वर्षांचं म्हातारपण गृहीत धरून पहिल्या दिवसापासून थोडं जास्तीचं व्होल्टेज देतो. दुसरा इलाजच नसतो. पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. ५ टक्के व्होल्टेज कमी करता आलं, तर स्विचिंगमध्ये जाणारी वीज जवळपास १० टक्के वाचते. शिल्लक खरोखर मोजता आली तर ही कपात अंदाजाने करावी लागणार नाही. शिवाय टेपआउटनंतर, म्हणजे डिझाइन पुरं करून कारखान्याकडे पाठवल्यावर, आमची चिप जाते ती जातेच. परत येते ती बिघडलेली, आणि मधल्या काळात तिच्यावर काय गुदरलं याची एक ओळसुद्धा सोबत नसते.

हा ध्यास एकट्या या कंपनीचा नाही. ब्रिटनमधल्या मूरटेक आणि अल्ट्रासॉक या कंपन्या याच वाटेवर होत्या. २०२० मध्ये पहिली सिनॉप्सिसकडे गेली, दुसरी सीमेन्सकडे.

एक गोष्ट मात्र खटकते. हे आकडे कुणाचे? चिप बनवणाऱ्याचे, सर्व्हर चालवणाऱ्याचे, की मधल्या सॉफ्टवेअरवाल्याचे? आपल्या मशीनवर किती भार आहे हे बाहेरच्याला कळू द्यायला डेटा सेंटरवाले सहज तयार होणार नाहीत, आणि ते मला रास्त वाटतं.

सोमवारच्या बैठकीत आमच्या पुढच्या चिपमध्ये अशा सर्किटसाठी जागा मागणार आहे. तयार झालेल्या चिपमध्ये ही सर्किट मागाहून घालता येत नाहीत. आधी मेमरीकडे जाणारे मार्ग निवडेन, तिथेच आमची शिल्लक सगळ्यात कमी असते.